तारू, मिनीडोर, मोटार : रेवदंड्यातील रोख आणि हप्त्याचा इतिहास

रेवदंडा हे कुंडलिका नदीच्या मुखावरचे, अलिबागच्या दक्षिणेला सुमारे 17 किलोमीटरवर वसलेले गाव. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये नारळ-सुपारीच्या वाड्या. अशा गावात वाहन म्हणजे कित्येक शतके गलबत, मचवा, होडी आणि जमिनीवर बैलगाडी किंवा घोडा. मोटार फार उशिरा आली. वाहन रोखीने घ्यावे की कर्ज काढून, हा प्रश्न मात्र मोटारीपेक्षा खूप जुना आहे. प्रत्येक काळात त्याचे उत्तर घेणाऱ्याच्या इच्छेपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर ठरले : पैसे देणाऱ्याला परतफेडीची खात्री कशातून मिळते, यावर.

रोखीच्या खरेदीचे या किनाऱ्यावरचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका घोड्याचे आहे. रशियातील त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात, 1470 च्या आगेमागे, होर्मुझहून समुद्रमार्गे रेवदंड्याशेजारच्या चौलला उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा बरोबर आणला होता. शंभर रूबल खर्चून हा घोडा हिंदुस्थानात आणल्याची नोंद त्याच्या प्रवासवर्णनात आहे. दख्खनच्या सुलतानांना अरबी आणि इराणी घोडे हवे असत आणि ते बंदरांतूनच येत, म्हणून हा सौदा फायद्याचा ठरेल असा त्याचा हिशेब होता. जुन्नरला पोहोचल्यावर तिथल्या खानाने घोडाच जप्त केला आणि धर्म बदलण्याची अट घातली. खुरासानच्या एका अमीराने रदबदली केली तेव्हा घोडा परत मिळाला. निकितीनने सगळी पुंजी एका जनावरात घातली होती. घोड्यावर कोणाचे कर्ज असल्याचा उल्लेख नाही, पण जोखीमही संपूर्ण त्याच्याच माथी होती. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचे स्मारक उभे आहे.

जहाजाचे गणित निराळे होते. एवढी मोठी रक्कम एका माणसाकडे क्वचितच असे आणि माल भरायला पुन्हा वेगळे भांडवल लागे. म्हणून सागरी व्यापार कर्जावर चाले, आणि त्या कर्जाचा दर धर्मशास्त्रांनीही वेगळा मानला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात साधा धर्म्य दर महिन्याला शेकडा सव्वा आहे. रानावनातून व्यापार करणाऱ्यांसाठी तो शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांसाठी शेकडा वीस सांगितला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही रान आणि समुद्र यांचे दर हेच आहेत. महिना वीस टक्के हा आकडा आज लुटीचा वाटतो, पण गलबत बुडाले की मुद्दलही बुडाले असे धरून तो ठरलेला होता. आज कर्जाचे व्याज आणि विम्याचा हप्ता हे दोन खर्च वेगवेगळे असतात. तेव्हा ते एकाच आकड्यात सामावलेले होते.

1516 मध्ये पोर्तुगीजांनी इथे वखार घातली. 1521 मध्ये निजामशाहीची परवानगी मिळवून त्यांनी किल्ल्याचे काम सुरू केले आणि 1524 पर्यंत ते पुरे केले. आजचा रेवदंडा हे त्यांचे खालचे चौल. 1740 मध्ये ते मराठ्यांच्या हाती येईपर्यंतच्या दोन शतकांत जहाज विकत घेऊनही मालक पुरता मोकळा नसे. कार्ताझ म्हणजे पोर्तुगीजांचा परवाना नसलेले जहाज समुद्रात पकडले जाई. परवान्यात नाखवा, माल, शस्त्रे आणि जाण्याचे ठिकाण नोंदलेले असे, आणि ठरलेल्या बंदरात जकात भरावी लागे. रोख पैसे मोजून जहाज घरचे झाले तरी ते चालवण्याचा हक्क कोणाकडून तरी घ्यावा लागतो, ही गोष्ट या किनाऱ्याने मोटारीच्या नोंदणीआधी तीन-चार शतके पाहिली होती.

इंग्रजी अमलात मोठा व्यापार मुंबईकडे गेला. रेवदंड्याच्या पदरात वाड्या, मासेमारी आणि मुंबईला जाणारी छोटी वाहतूक राहिली. वाडीवाल्याची पत त्याच्या झाडांत होती. नारळ-सुपारी दरवर्षी उत्पन्न देते, म्हणून सावकार वाडी गहाण घेऊन लग्नाला, विहिरीला किंवा बैलगाडीला पैसे देई. हिंदू ऋणकोला दामदुपटीचा आधार होता : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, हा स्मृतींतला नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये मानत. त्याला पळवाटही होती. व्याज मुद्दलात मिळवून नवे खत केले की मोजणी पहिल्यापासून सुरू होई. 1875 च्या दख्खनच्या दंग्यांनंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा झाला. त्यात न्यायाधीशाला खतामागे जाऊन जुना हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. तो आधी घाटावरच्या चार जिल्ह्यांपुरता होता, पुढे इलाख्यात इतरत्र लागू झाला. अलिबागजवळच्या चरी-कोपर भागात 1933 पासून सहा वर्षे चाललेल्या शेतकऱ्यांच्या संपाचा रोख खोतीवर होता, पण खोत आणि सावकार अनेक गावांत एकच असल्यामुळे कर्जाचा प्रश्न त्याला चिकटलेलाच होता.

कोळीवाड्यातला व्यवहार मात्र जमीन गहाण ठेवण्याचा नव्हता, कारण कोळ्याकडे जमीन फारशी नसे. त्याचे भांडवल म्हणजे होडी, जाळी आणि घरातल्या बायकांच्या अंगावरचे सोने. नवी होडी बांधायची तर लाकूड आणि सुताराची मजुरी आधी द्यावी लागे. जाळ्यांचा खर्च वेगळा, हंगाम सुरू होण्यापूर्वी खलाशांना आगाऊ रक्कमही हवी. थोडे सोने गहाण पडे आणि उरलेले पैसे मासळीच्या दलालाकडून येत. ही दलालाची उचल समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात व्याजाचा आकडा पुष्कळदा नसेच. अट एकच : होडीची मासळी त्याच दलालाच्या हाती जायची. समजा, बाजारात टोपलीला दहा रुपये भाव आहे. दलाल ती नऊ रुपयांना धरी आणि वर आपली दलाली कापी. कागदावर व्याज शून्य, पण टोपलीमागे एक रुपया जाई, आणि जितकी मासळी अधिक तितके हे न दिसणारे व्याजही अधिक. मुद्दल फेडण्याची घाई दलालाला नसे. फिटले की होडी मोकळी होणार आणि मासळी दुसऱ्याकडे जाणार!

म्हणून कोळीवाड्यात ‘होडी मोकळी आहे’ असे सांगण्याला मान होता. मोकळ्या होडीचा नाखवा भाव बघून विकू शके. अडकलेल्या होडीवरही वाट्याची पद्धत तीच असे : होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, टांडेलाचा आणि खलाशांचा वाटा. पण वाटे पडण्यापूर्वीच भाव कमी धरला गेल्याने नाखव्याच्या कर्जाचा भार अप्रत्यक्षपणे खलाशांच्याही वाट्यावर पडे. कर्ज एकाचे आणि त्याची झळ सगळ्या होडीला, असा तो प्रकार होता. तरी दलालाला नुसता शोषक म्हणून मोडीत काढणे बरोबर नाही. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना घरखर्चाला पैसे तोच देई, आणि वादळात होडी फुटली तर त्याचीही उचल बुडे. बँकेचा हप्ता मे महिन्यात जेवढा तेवढाच जुलैत. दलालाची वसुली मासळी आली तरच होई.

सहकाराने ही गाठ सोडवण्याचा प्रयत्न केला. 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना वाट मिळाली. 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकाराला परवाना घेणे आणि ऋणकोला हिशेब देणे बंधनकारक झाले. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिने बसू लागली तेव्हा रकमा एकदम वाढल्या आणि मच्छीमार सहकारी संस्था पुढे आल्या. राष्ट्रीय सहकारी विकास निगमाचा पैसा राज्य सरकारमार्फत संस्थेकडे आणि संस्थेकडून सभासदांच्या गटाकडे येई. त्यात थोडे अनुदान, थोडे भागभांडवल आणि बाकी कर्ज असे. वसुली मासळीच्या विक्रीतून कापून व्हायची होती, म्हणजे दलालाचीच रीत संस्थेने कायद्यात बसवून घेतली. जिथे मासळी संस्थेकडे आली तिथे कर्जे फिटली. जिथे ती परस्पर दलालाकडे गेली तिथे थकबाकी साठली. डिझेल, बर्फ आणि जाळ्यांसाठी रोजचा पैसा लागतो तो लगेच मिळे दलालाकडेच, त्यामुळे इंजिनाचे कर्ज एकाचे आणि मासळीवर हक्क दुसऱ्याचा अशी ओढाताण राहिली. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्डाची सोय झाली ती थेट 2018-19 च्या अर्थसंकल्पानंतर.

या सगळ्या काळात गावात मोटार घेणे ही रोखीची बाब होती, आणि त्याचे कारण श्रीमंती एवढेच नव्हते. खासगी मोटार कमावत नाही, म्हणून तिच्यावर उचल द्यायला ना सावकार तयार होता, ना दलाल, ना सहकारी संस्था. शिवाय मोटार मिळणेच अवघड होते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला, म्हणजे समुद्रापलीकडे मुंबईतच. पण तिथली फियाट हातात यायला नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. परवाना-नियंत्रणाच्या त्या दिवसांत जुनी फियाट कधीकधी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जाई. अशा बाजारात कर्ज आणि रोख यांची तुलना करण्याचा प्रसंगच कमी, कारण नंबर लागेपर्यंत पैसे साठायला वेळ मिळेच. 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हाही आधी 10,000 रुपये भरून नाव नोंदवायचे होते. त्या काळात ग्राहकच कारखान्याला आगाऊ पैसे देत होता.

अपवाद होता तो सरकारी नोकराचा. मुंबई वित्तीय नियम, 1959 प्रमाणे राज्याच्या कर्मचाऱ्याला मोटार किंवा स्कूटर घेण्यासाठी अग्रिम मिळे. त्याची वसुली पगारातून होई, आणि तीही विशिष्ट क्रमाने : आधी मुद्दलाचे सगळे हप्ते, त्यानंतर व्याजाचे. वाहन तोपर्यंत राज्यपालांच्या नावे गहाण राही. अलिबागच्या कचेरीतल्या एखाद्या कारकुनाची स्कूटर कागदोपत्री राज्यपालांकडे गहाण असावी, ही कल्पना आज गमतीची वाटते. पण खासगी वाहनाला कर्ज मिळण्याचे रहस्य यातच आहे. वाहन कमावत नसले तरी मालकाचा पगार दरमहा येतो, आणि तो कापणारा धनकोच असतो. वसुलीची खात्री मासळीतून निघून पगारपत्रकात आली.

रेवदंड्यात हप्त्याची सवय सामान्य माणसाला लागली ती मात्र मोटारीमुळे नाही, तीनचाकीमुळे. एसटीच्या फेऱ्यांच्या मध्ये प्रवासी वाहणाऱ्या सहा आसनी विक्रम आणि मिनीडोर हे अलिबाग-रेवदंडा रस्त्याचे ठळक वैशिष्ट्य. विक्रम लखनौच्या स्कूटर्स इंडियाची, मिनीडोर पुण्याच्या बजाज टेम्पोची. या गाड्या गावातल्या तरुणांनी घेतल्या त्या जवळजवळ सगळ्या कर्जावरच. 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांना लहान वाहतूकदाराला कर्ज देणे हे अग्रक्रमाचे काम ठरवून दिले होते. मागासवर्गीयांसाठी 1978 मध्ये महात्मा फुले महामंडळ आले, आणि गावोगावच्या पतसंस्था होत्याच. मिनीडोर होडीसारखीच कमावती, फक्त तिला पावसाळी सुट्टी नाही. दिवसाला किती फेऱ्या, किती सीट, डिझेलला किती आणि हप्त्याला बाजूला किती काढायचे, हा हिशेब चालकाच्या खिशातल्या वहीत असे. पतसंस्थेचा पिग्मी एजंट संध्याकाळी नाक्यावर येऊन पन्नास-शंभर रुपये घेऊन जाई आणि महिनाअखेरीस तीच रक्कम हप्त्याला वळती होई. रोज मिळकत, तर रोज वसुली. कर्ज फेडण्याचा याहून सुटसुटीत मार्ग गावात दुसरा झाला नाही.

याच सुमारास कायद्याची चौकटही बदलत होती. जुन्या भाडेखरेदीत गाडी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत फायनान्स कंपनीच्या मालकीची मानली जाई. घेणारा नुसता भाडेकरू. करार खरोखर भाड्याचा आहे की कर्जाला दिलेले ते सोंग आहे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1966 च्या सुंदरम फायनान्स खटल्यात त्याची चर्चा झाली. ग्राहकाला संरक्षण देणारा भाडेखरेदी कायदा संसदेने 1972 मध्ये मंजूर केला. तो कधी अमलात आलाच नाही आणि 2005 मध्ये रद्द झाला. तेहतीस वर्षे कागदावर राहिलेला असा कायदा विरळाच. प्रत्यक्षात चालली ती तारणाची पद्धत : मालक ग्राहकच, पण 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचा बोजा चढतो. पेणच्या परिवहन कार्यालयातून एमएच-06 क्रमांक घेऊन आलेल्या गाडीच्या कागदावर बँकेचे नाव असले की ती बँकेच्या संमतीशिवाय विकता येत नाही. झाडांवरचा आणि मासळीवरचा हक्क असा एका कागदावर आला.

1991 नंतर खासगी बँका आणि वित्तसंस्था मोटारकर्जात उतरल्या. कुंडलिकेवरच्या पुलाने पलीकडचे साळाव जोडले गेले होते, 1990 च्या दशकात तिथे लोखंडाचा कारखाना उभा राहिला, थळला खतांचा कारखाना आधीपासून होता. पगारपत्रक असलेली माणसे वाढली. सन 2000 मध्ये सिबिल स्थापन झाल्यानंतर पतही गावाच्या तोंडी न राहता 300 ते 900 मधला आकडा झाली. वाडीवाल्याची पाच पिढ्यांची अब्रू त्या आकड्यात येत नाही, आणि दोन हप्ते चुकलेले मोबाइलचे कर्ज मात्र येते. वसुलीचे आडदांड प्रकारही वाढले. हप्ता थकला म्हणून गुंड पाठवून गाडी उचलणे कायद्याला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये एका बँकेच्या प्रकरणात बजावले.

दराच्या बाबतीत सर्वांत मोठी दिशाभूल ‘फ्लॅट’ व्याजाने केली. सहा लाखांचे कर्ज नऊ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांसाठी घेतले तर व्याज 2,70,000 रुपये आणि हप्ता 14,500 रुपये होतो. तेच नऊ टक्के घटत्या शिलकीवर लावले तर हप्ता सुमारे 12,455 आणि एकूण व्याज सुमारे 1,47,300 रुपये. कारण सरळ आहे : फ्लॅट पद्धतीत फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज आकारले जाते. खरा दर पावणेसोळा टक्क्यांच्या जवळ जातो. ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जांसोबत वार्षिक खर्चाचा एकत्रित दर सांगणारे पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, त्यामुळे ही लपवाछपवी अवघड झाली.

रोखीविरुद्ध मात्र एक हिशेब अजून ऐकवला जातो. सहा लाख साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षे ठेवीत ठेवले तर सुमारे 2,28,000 रुपये व्याज मिळते, आणि कर्जाला तर दीड लाखही जात नाही, मग रोख कशाला मोडायची? यात सोयीस्करपणे विसरले जाते की दरमहा 12,455 रुपये खिशातून जात असतात. रोख देणाऱ्याने तेवढीच रक्कम त्याच दराने आवर्ती ठेवीत भरली तर पाच वर्षांनी त्याच्याकडे 8,80,000 च्या आसपास होतात. कर्जदाराच्या ठेवीचे 8,28,000 होतात. करापूर्वीच फरक पन्नास हजारांचा, आणि तो रोखीच्या बाजूचा. ठेवीचा दर कर्जाच्या दरापेक्षा कमी आहे तोवर याहून वेगळे उत्तर निघत नाही. कर्जाच्या बाजूने खरा मुद्दा दुसराच आहे : हाताशी पैसा राहतो. रोखीने गाडी घेऊन रिकामा झालेला माणूस आजारपणात वैयक्तिक कर्ज काढतो, आणि ते मोटारकर्जापेक्षा बरेच महाग पडते.

साठवलेला पैसाही निर्धोक नसतो, हे रायगडकरांनी 2010 मध्ये अनुभवले. पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांचे पैसे अडकून पडले. घरात नोटा ठेवून गाडी घेण्याचा मार्गही आता बंद आहे. 1 एप्रिल 2017 पासून आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. त्यामुळे आज ‘रोखीने गाडी’ म्हणजे धनादेश किंवा बँकेतून वळती केलेली रक्कम.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि रेवदंडा, चौल, मुरूडच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे झाड नव्याने लावून उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षे लागतात. करोनामुळे त्याच वेळी हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती. ती 31 ऑगस्टला संपली, आणि त्या काळातले व्याज चालूच राहिले होते. वाडीच्या उत्पन्नावर विसंबून घेतलेली गाडी आणि पगारावर घेतलेली गाडी यांतला फरक त्या वर्षी जेवढा उघड दिसला तेवढा एरवी दिसत नाही. मिनीडोरवाल्यांची स्थिती आणखी वेगळी होती : गाडी शाबूत, पण टाळेबंदीत प्रवासीच नाहीत.

कर्ज मुदतीआधी फेडण्याची सोयही टप्प्याटप्प्याने झाली. व्यक्तींना दिलेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास 2014 मध्ये बँकांना मनाई झाली. मोटारकर्जे पुष्कळदा स्थिर दराची असल्याने तिथे हा दंड करारात राहू शकतो, आणि करार वाचल्याखेरीज तो कळत नाही. शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपत नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना 35 परिवहन कार्यालयात देऊन नोंदणीवरचा बोजा उतरवावा लागतो, आणि विम्याच्या कागदावरचे बँकेचे नावही काढून घ्यावे लागते. हे राहून गेले तर दहा वर्षांनी गाडी विकायला काढल्यावर फिटलेल्या कर्जाचा दाखला शोधत शाखेत खेटे घालावे लागतात, आणि तोवर ती शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असू शकते.